बेकारीच्या आठवड्यातली कमाई

अमेरिकेत नोकरी गेल्यावर बेरोजगारी विम्याचे पैसे घेणाऱ्या माणसाला दर आठवड्याला, काही राज्यांत दर पंधरवड्याला, एकच प्रश्न विचारला जातो : या काळात तुम्ही काही काम केले का, काही कमावले का? उत्तर फोनवर किंवा संगणकावर द्यायचे असते आणि दिलेली माहिती खरी असल्याची कबुली त्याला जोडलेली असते. शनिवारी एखाद्या दुकानात सहा तास उभ्या राहिलेल्या माणसाने ‘नाही’ असे उत्तर दिले, तर त्या आठवड्याची रक्कम त्याने चुकीच्या माहितीवर घेतली असे ठरते. त्यातली जास्तीची रक्कम परत द्यावी लागते. त्याने जाणूनबुजून तसे केले असे ही योजना चालवणाऱ्या राज्याच्या खात्याला वाटले, तर दंड होतो, पुढचे काही आठवडे भत्ता बंद होतो आणि प्रकरण मोठे असेल तर फौजदारी खटलाही उभा राहतो.

हा गुन्हा दुर्मीळ नाही. प्रत्येक राज्य दर आठवड्याला दिलेल्या रकमांपैकी काही प्रकरणे नमुन्यादाखल उचलून मुळापासून तपासते. द्यायला नको असताना दिल्या गेलेल्या पैशांची जी तीन मोठी कारणे त्या तपासणीत वर्षानुवर्षे सापडत आली आहेत, त्यांत भत्ता चालू असताना झालेली आणि न सांगितलेली कमाई हे एक आहे. दुसरे म्हणजे काम शोधल्याचा पुरावा नसणे आणि तिसरे म्हणजे नोकरी का सुटली याची चुकीची माहिती. सरकारी योजनांत अशा गैरवाजवी रकमांचे प्रमाण १० टक्क्यांच्या खाली असावे अशी कायद्याची अपेक्षा आहे. बेरोजगारी विमा ती बहुतेक वर्षांत पूर्ण करू शकलेला नाही.

यावर सहसा दोन टोकांची मते ऐकू येतात. एक म्हणते, हे सरळ चोर आहेत. दुसरे म्हणते, गरिबाच्या शंभर-दोनशे डॉलरच्या मागे कशाला लागता? मला दोन्ही अपुरी वाटतात. लपवलेली कमाई परत घेतलीच पाहिजे. पण खोटे बोललेला माणूस आणि चुकलेला माणूस यांना वेगळे ओळखण्याचे काम सरकारचे आहे. गेल्या काही वर्षांचा इतिहास पाहिला, तर या कामात सरकारांनी केलेल्या चुका व्यक्तींच्या लबाडीपेक्षा फार मोठ्या हानीच्या ठरल्या आहेत.

आधी व्यवस्था समजून घेऊ. महामंदीच्या काळात, जानेवारी १९३२ मध्ये, विस्कॉन्सिनने देशातला पहिला बेरोजगारी विम्याचा कायदा केला. १४ ऑगस्ट १९३५ रोजी फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी सामाजिक सुरक्षा कायद्यावर सही केली. त्यामागे कामगारमंत्री फ्रान्सिस पर्किन्स यांचे मोठे श्रम होते. केंद्राने चौकट आखायची आणि राज्यांनी योजना चालवायची, ही रचना तेव्हापासून टिकून आहे. आज ५० राज्ये, राजधानीचा जिल्हा, प्वेर्तो रिको आणि व्हर्जिन आयलंड्स अशा ५३ योजना चालतात आणि त्यांचे ५३ वेगळे नियम आहेत. एका राज्यात चालणारी गोष्ट नदीपलीकडच्या राज्यात गुन्हा ठरू शकते, हे इथे सुरुवातीलाच लक्षात घ्यायला हवे.

पैसा येतो मालकांकडून घेतलेल्या करातून. अलास्का, न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया ही तीन राज्ये सोडली, तर कामगाराच्या पगारातून यासाठी काहीही कापले जात नाही. ज्या मालकाची माणसे जास्त प्रमाणात भत्ता घेतात त्याचा कराचा दर वाढतो, त्यामुळे मालकही या दाव्यांवर नजर ठेवून असतात. ‘माझेच पैसे मी घेतोय, दोन दिवस काम केले तर बिघडले काय’ असे अनेकांना मनापासून वाटते. हा पैसा बचतखात्यातला नसून विम्याचा आहे. पगार बुडाला म्हणून तो मिळतो, आणि जेवढा पगार परत मिळू लागला तेवढे नुकसान कमी झाले, हा त्यामागचा हिशेब.

हा हिशेब कुठेही ‘काम केलेत, भत्ता गेला’ इतका सरळ नाही. अर्धवेळ काम करणाऱ्यालाही भत्त्याचा काही भाग मिळतो, ही तरतूद अमेरिकेत सर्वत्र आहे. ठरावीक कमाईपर्यंत सूट आणि त्यापुढच्या कमाईची वजावट, असे तिचे स्वरूप. कॅलिफोर्नियात आठवड्याच्या कमाईतले २५ डॉलर किंवा कमाईचा चौथा हिस्सा, यांतली मोठी रक्कम सोडून देतात आणि बाकीची भत्त्यातून वजा करतात. ४५० डॉलरचा भत्ता असलेल्या माणसाने आठवड्यात २०० डॉलर कमावले, तर ५० सुटतात, १५० कापले जातात आणि हातात ३०० डॉलर भत्ता येतो. म्हणजे घरात आलेले एकूण पैसे ५००. दोनशे डॉलरचे काम करून त्याच्या पदरात पन्नासच जास्त पडले, आणि त्यातून जाण्यायेण्याचे पेट्रोल वेगळे.

न्यू जर्सीत भत्त्याच्या २० टक्क्यांपर्यंतची कमाई सोडतात, टेक्ससमध्ये २५ टक्क्यांपर्यंतची, मॅसॅच्युसेट्समध्ये एक तृतीयांशापर्यंतची. त्यापुढे डॉलरला डॉलर कापला जातो. विस्कॉन्सिनचा हिशेब अधिक शहाणपणाचा आहे. पहिले ३० डॉलर सोडायचे आणि उरलेल्या प्रत्येक डॉलरमागे ६७ सेंटच कापायचे. १३० डॉलर कमावले तर ६७ डॉलर जातात. काम करणाऱ्याला दर तासाला काही ना काही सुटते.

न्यू यॉर्कचा जुना नियम मात्र फारच वाईट होता. २०२१ पर्यंत तिथे कमाई न पाहता दिवस मोजत. आठवड्यातल्या कोणत्याही दिवशी तासभर काम केले तरी भत्त्याचा पाव हिस्सा जाई. चार दिवस रोज एक तास केले, तर त्या आठवड्याचा सगळा भत्ता गेला. रोज संध्याकाळी एका मुलाची शिकवणी घेणाऱ्या बाईला चार तासांच्या फीपायी शेकडो डॉलर गमवावे लागत. अशा नियमासमोर माणूस एक तर काम सोडतो किंवा काम लपवतो. कोविडच्या काळात हा अन्याय डोळ्यांवर आला आणि ऑगस्ट २०२१ पासून राज्याने तासांवर आधारलेली पद्धत आणली. दहा तासांपर्यंत काम केले तर काही कापत नाहीत आणि तीस तासांपर्यंत टप्प्याटप्प्याने कापतात. न्यू यॉर्कसारख्या राज्याला एवढे करायला इतकी दशके लागावीत, याचे दुःख होते.

आता लोक कमाई का सांगत नाहीत याकडे येऊ. मुद्दाम लपवणारे आहेतच. पूर्ण वेळची नवी नोकरी लागल्यावरही महिनोन्‌महिने ‘नाही’ म्हणत राहणारे, रोखीत काम करून कागदावर काहीच न येऊ देणारे आणि त्यांना तसेच ठेवून आपला कर वाचवणारे मालक, हे सगळे या प्रश्नाचा भाग आहेत. अशांबद्दल मला सहानुभूती नाही. मालकांबद्दल तर त्याहून कमी; रोखीत राबवून घेतलेल्या कामगाराला अपघात झाला तर नुकसानभरपाईसाठी त्याच्याकडे पगाराचा कागदही नसतो.

पण खात्याच्या फायलींत त्यांच्याच शेजारी चुकलेले लोकही बसलेले असतात, आणि चुकण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. पहिली जागा म्हणजे तारीख. कमाई सांगायची ती ज्या आठवड्यात काम केले त्या आठवड्याची. पगार मात्र दोन आठवड्यांनी हातात येतो. ज्या आठवड्यात चेक मिळाला त्या आठवड्यात रक्कम लिहिणारे असंख्य आहेत. सांगितलेले सगळे खरे असते, पण दोन्ही आठवड्यांचा हिशेब चुकतो. दुसरी जागा म्हणजे रक्कम. कर आणि कपाती वजा होण्याआधीचा पगार सांगायचा असतो, लोक हातात पडलेला सांगतात. तिसरी जागा म्हणजे काम कशाला म्हणायचे. टिप, कमिशन, भावाच्या दुकानात बिनपगारी बसणे, प्रशिक्षणाचा पहिला दिवस, सुट्टीचा पगार यांतले काय मोजायचे आणि काय नाही, हे राज्यागणिक बदलते. स्वतःचा छोटा धंदा असणाऱ्यांची अडचण याहून मोठी. गाडी चालवून ॲपवरून मिळालेल्या पैशांतून पेट्रोल वजा करायचे की नाही, आणि ग्राहकाने तीन महिन्यांनी दिलेले पैसे कोणत्या आठवड्यात धरायचे, याचे साधे उत्तर बऱ्याच राज्यांच्या अर्जावर सापडत नाही.

आणखी एक कारण आहे, ज्याबद्दल अहवालांत फारसे लिहिले जात नाही. ते म्हणजे भीती. ‘हो, काम केले’ असे लिहिले की अनेकदा प्रकरण चौकशीला जाते आणि त्या चौकशीत पैसे अडकतात. ज्याचे घरभाडे एक तारखेला द्यायचे आहे त्याला ऐंशी डॉलरच्या कमाईपायी चारशे डॉलर तीन आठवडे अडकवून घेणे परवडत नाही. खरे बोलण्याची किंमत इतकी असेल, तर लोकांना खोटे बोलायला नियमच शिकवतो.

ही भीती नवी नाही. ब्रिटनमध्ये १९३१ मध्ये बेकारांच्या मदतीसाठी सगळ्या कुटुंबाची कमाई तपासण्याची पद्धत आली. मुलाने वर्तमानपत्रे टाकून चार शिलिंग आणले तरी ते बापाच्या मदतीतून वजा होण्याची धास्ती असे. जॉर्ज ऑर्वेल यांनी १९३६ मध्ये उत्तर इंग्लंडमधल्या खाणकामगारांच्या वस्त्यांत राहून ‘द रोड टू विगन पिअर’ लिहिले. त्यात एका बेकार माणसाची हकिगत आहे. शेजारी बाहेरगावी गेला असताना त्याच्या कोंबड्यांना दाणे घालताना हा कुणाला तरी दिसला. तक्रार गेली की याला कोंबड्या सांभाळण्याची नोकरी लागली आहे, आणि ते खोटे असल्याचे पटवताना त्याच्या नाकीनऊ आले. शेजाऱ्यांनी एकमेकांवर पाळत ठेवणे हा तेव्हा तपासाचा मार्ग होता. आज ते काम संगणक करतो.

अमेरिकेत हा तपास मुख्यतः दोन याद्यांवर चालतो. १९९६ च्या कायद्याने नव्याने कामाला लागलेल्यांची एक राष्ट्रीय यादी तयार झाली. मूळ हेतू मुलांचा पोटगीखर्च टाळणाऱ्या पालकांना शोधण्याचा होता. माणूस कामावर घेतल्यापासून २० दिवसांच्या आत मालकाने त्याची माहिती कळवायची असते. भत्ता घेणाऱ्यांची नावे या यादीशी ताडून पाहिली की कोण कामाला लागले हे लवकर कळते. दुसरी यादी तिमाही पगाराची. प्रत्येक मालक दर तीन महिन्यांनी आपल्या माणसांना दिलेला पगार राज्याला कळवतो. ही यादी दोन अर्थांनी लंगडी आहे. एक तर ती तिमाही संपल्यावर येते, त्यामुळे जानेवारीत झालेली चूक उन्हाळ्यात उघड होते आणि तोवर पंधरा-वीस आठवड्यांचे कर्ज साचलेले असते. दुसरे म्हणजे तीत तिमाहीचा एकच आकडा असतो. कोणत्या आठवड्यात किती, हे त्यात नसते. जानेवारीत भत्ता घेऊन मार्चमध्ये रीतसर नोकरीला लागलेला प्रामाणिक माणूस आणि तीनही महिने दोन्हीकडून घेणारा माणूस या यादीत सारखेच दिसतात. फरक करायचा तर मालकाला पत्र लिहून आठवड्याचा तपशील मागवावा लागतो आणि त्या माणसाला विचारावे लागते. या कंटाळवाण्या, माणसांनीच करायच्या कामावर सगळा न्याय अवलंबून आहे.

मिशिगनने ते काम काढून टाकले. ऑक्टोबर २०१३ मध्ये त्या राज्याने ‘मायडास’ नावाची नवी संगणकव्यवस्था सुरू केली. तिच्यावर सुमारे ४ कोटी ७० लाख डॉलर खर्च झाले होते. मालकाने कळवलेला तिमाहीचा पगार ही व्यवस्था त्या तिमाहीच्या सगळ्या आठवड्यांवर सारखा वाटून टाकी. मग ज्या आठवड्यांत माणूस खरोखर बेकार होता त्या आठवड्यांतही त्याची कमाई ‘सापडे’. संशय आला की संगणकच ठरावीक प्रश्नांची पाने पाठवी. बऱ्याचदा ती माणसाच्या ऑनलाइन खात्यात जात, आणि नोकरी लागून वर्ष-दोन वर्षे झालेली माणसे ते खाते उघडतही नसत. दहा दिवसांत उत्तर आले नाही, तर फसवणूक सिद्ध झाल्याचा निर्णय आपोआप निघे. कागद एकाही कर्मचाऱ्याने पाहिलेला नसे.

मिशिगनमध्ये त्या वेळी दंड रकमेच्या चौपट होता, वर १२ टक्के व्याज. म्हणजे दोन हजार डॉलरच्या न झालेल्या गुन्ह्यासाठी दहा हजारांची आणि वाढत जाणारी वसुली. पगारातून कपात झाली, कराचे परतावे अडवले गेले, काहींनी दिवाळखोरी जाहीर केली. ही पद्धत २०१५ पर्यंत चालली. पुढे राज्याच्या खात्यानेच पूर्णपणे संगणकाने दिलेले बावीस हजारांहून अधिक निर्णय पुन्हा तपासले, तेव्हा त्यांतले ९३ टक्के चुकीचे निघाले. एकूण सुमारे ४० हजार लोकांवर फसवणुकीचा खोटा ठपका बसला होता. पुढे कायदा बदलून दंड बराच खाली आणला. जुलै २०२२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने नुकसानभरपाई मागण्याचा लोकांचा हक्क मान्य केला आणि त्यानंतर २ कोटी डॉलरची तडजोड झाली. माणशी हिशेब काढला तर ती रक्कम फार थोडी आहे. घर गेले, पत बुडाली, नोकरीच्या अर्जात ‘फसवणूक’ हा शब्द चिकटला, त्याचे मोल त्यात नाही.

हेच ऑस्ट्रेलियात याहून मोठ्या प्रमाणावर घडले. तिथे मदत पंधरवड्याच्या कमाईवर ठरते. सरकारने करखात्याकडची वर्षाची कमाई २६ पंधरवड्यांत समान वाटली आणि त्यातून निघालेला फरक कर्ज म्हणून लोकांच्या माथी मारला. सहा महिने बेकार राहून सहा महिने चांगल्या पगारावर काम केलेला माणूस या हिशेबात वर्षभर अर्धवेळ कमावणारा ठरला. कर्ज खोटे आहे हे त्याने सिद्ध करायचे, आणि त्यासाठी पाच-सात वर्षांपूर्वीच्या पगाराच्या पावत्या आणायच्या! लोकांनी या योजनेला ‘रोबोडेट’ म्हटले. नोव्हेंबर २०१९ मध्ये न्यायालयात सरकारला ही पद्धत बेकायदा असल्याचे मान्य करावे लागले. चार लाखांहून अधिक लोकांवर १.७ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरहून जास्त बेकायदा कर्ज लादले गेले होते. कॅथरीन होम्स यांच्या चौकशी आयोगाचा अहवाल जुलै २०२३ मध्ये आला. ही योजना क्रूर होती आणि तिने आत्महत्यांपर्यंत माणसे लोटली, हे त्यात स्पष्टपणे नोंदवले आहे.

या दोन्ही घटनांतली मूळ चूक एकच : सरासरीला पुरावा मानले. सरासरीवरून संशय घेता येतो, आरोप ठेवता येत नाही. खेदाची गोष्ट म्हणजे, अमेरिकेच्या कायद्यात हे आधीपासून होते. १९७१ मध्ये कॅलिफोर्नियाच्या एका प्रकरणात देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने देय भत्ता वेळेवर देण्याचे कर्तव्य अधोरेखित केले होते. सामाजिक सुरक्षा कायदा निष्पक्ष सुनावणीची हमी देतो. याद्या जुळवून मिळालेली माहिती स्वतंत्रपणे पडताळल्याशिवाय भत्ता थांबवू नये, असाही नियम होता. मिशिगनच्या प्रकारानंतर, ऑक्टोबर २०१५ मध्ये, केंद्रीय कामगार खात्याला तो सगळ्या राज्यांना पुन्हा लेखी बजावून सांगावा लागला.

शिक्षेची केंद्रीय चौकट २०११ च्या कायद्याने घट्ट झाली. फसवणूक ठरली तर रकमेवर किमान १५ टक्के दंड सगळ्या राज्यांना आता बंधनकारक आहे. कॅलिफोर्निया ३० टक्के लावते आणि पुढच्या भत्त्यातून ५ ते २३ आठवड्यांपर्यंत अपात्र ठरवते. वसुलीसाठी केंद्राकडून मिळणारा आयकराचा परतावा अडवता येतो. यात एक बारीक गोष्ट आहे. बाकीच्या चुकांत फसवणूक नसेल तर परतावा अडवत नाहीत. न कळवलेल्या कमाईचे कर्ज मात्र फसवणूक नसली तरी या वसुलीत येते. म्हणजे प्रामाणिक चूक ठरली तर दंड टळतो, वसुली टळत नाही. अनेक राज्यांत अशा वेळी कर्जमाफी मागता येते. चूक माणसाची नसेल आणि पैसे परत घेणे अन्यायाचे होत असेल, तर कर्ज माफ होते. पण मागितल्याशिवाय ती कुणी देत नाही, आणि मागता येते हे नोटिशीच्या पाठीमागच्या बारीक अक्षरांत असते.

कोविडने या विषयाचे चित्र गढूळ केले. मार्च २०२० च्या कायद्याने प्रत्येक भत्त्यावर आठवड्याला ६०० डॉलर जादा दिले, तेही पात्र भत्ता एक डॉलरचा असला तरी. त्यामुळे कमाईची मर्यादा एका डॉलरने ओलांडणाऱ्याचे ६०० डॉलर एकदम जात. संकटात घाईने केलेला हा नियम होता, हे मान्य. पण कमी तास दाखवण्याचा मोह त्याने लाखो घरांत नेऊन सोडला. त्याच काळात चोरलेल्या नावांवर टोळ्यांनी अफाट पैसा उचलला. एप्रिल २०२० ते मे २०२३ या काळात बेरोजगारी विम्यातली फसवणूक १०० ते १३५ अब्ज डॉलर असावी, असा अंदाज अमेरिकी संसदेच्या हिशेबतपासणी संस्थेने दिला. हा आकडा आता प्रत्येक चर्चेत फेकला जातो आणि शनिवारी सहा तास काम केलेल्या माणसालाही त्याच पिंजऱ्यात उभे केले जाते. दुसऱ्याचे नाव चोरून शंभर दावे करणारी टोळी आणि स्वतःच्या नावाने, स्वतःच्या हक्काचा भत्ता घेताना साठ डॉलरची कमाई कमी सांगणारा माणूस यांच्यासाठी तपास वेगळा हवा आणि शिक्षाही वेगळी.

इतर देशांनी काय केले? जर्मनीत आठवड्याला १५ तासांपेक्षा कमी काम करता येते आणि महिन्याला १६५ युरोपर्यंतची कमाई सोडली जाते; १५ तास भरले की माणूस बेकार राहत नाही. नियम कडक आहे, पण कुणालाही तोंडपाठ होईल इतका छोटा. फ्रान्समध्ये दर महिन्याला स्थिती कळवायची असते आणि पगाराच्या ७० टक्के रक्कम भत्त्यातून वजा होते. कॅनडाने २०१८ मध्ये कायम केलेला नियम मला या सगळ्यांत चांगला वाटतो. कमावलेल्या प्रत्येक डॉलरमागे ५० सेंट कापायचे, आणि हे जुन्या आठवडी पगाराच्या ९० टक्क्यांपर्यंत चालू ठेवायचे. तिथे त्या मर्यादेपर्यंत कमाई सांगणाऱ्याचे नुकसान होत नाही, निम्मा डॉलर त्याचाच राहतो. सांगणे आणि लपवणे यांतला फरक लहान केला की लपवणारेही कमी होतात.

ब्रिटनने दुसरा रस्ता धरला. २०१३ पासून मालक प्रत्येक पगाराच्या वेळी रक्कम करखात्याला कळवतो आणि ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ त्यावरून आपोआप बदलते. पगारदाराला स्वतः काही सांगावे लागत नाही, त्यामुळे लपवण्याचा प्रश्न बराच मिटला. पण पगाराची तारीख सुट्टीमुळे दोन दिवस अलीकडे आली की एका महिन्यात दोन पगार दिसत आणि मदत कोसळे. चार एकट्या आयांनी त्यावर दाद मागितली आणि २०२० मध्ये अपील न्यायालयाने सरकारचा हट्ट अविवेकी ठरवला. त्याच ब्रिटनमध्ये आजारी नातलगाची सेवा करणाऱ्यांच्या भत्त्याला मात्र कडेलोटाचा नियम होता. २०२४ मध्ये आठवड्याची मर्यादा १५१ पौंड होती. एक पेनी जास्त झाली तर ८१.९० पौंडांचा सगळा भत्ता परत करायचा. सरकारकडे पगाराची माहिती येत असूनही वेळीच कुणी सांगितले नाही आणि सेवा करणाऱ्यांच्या डोक्यावर हजारो पौंडांची कर्जे साचली. माहिती हाती असून गप्प बसणाऱ्या खात्याला पुढे ‘तुम्ही सांगितले नाही’ म्हणण्याचा नैतिक अधिकार उरतो का? माझ्या मते उरत नाही.

भारतात हा प्रश्न या रूपात उभाच राहिलेला नाही, कारण बेकारीत पैसे देणारी व्यवस्थाच अगदी तोकडी आहे. कर्मचारी राज्य विमा महामंडळाची ‘अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना’ जुलै २०१८ पासून आहे. आधी सरासरी पगाराच्या २५ टक्के आणि २०२० पासून ५० टक्के मदत, तीही जास्तीत जास्त ९० दिवस. बहुसंख्य कामगार तिच्या कक्षेबाहेर आहेत. उद्या ती वाढवायची झाली, तर अर्धवेळ कमाईचा नियम पहिल्या दिवसापासून कॅनडासारखा ठेवावा, एवढे आत्ताच सुचवावेसे वाटते.

अमेरिकेतल्या मराठी घरांना मात्र हा विषय आजचा आहे. २०२२ पासून माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांनी केलेल्या कपातीत न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, टेक्ससमधल्या अनेक मराठी माणसांच्या नोकऱ्या गेल्या. एच-वन-बी व्हिसावर असलेल्यांना नोकरी गेल्यावर दुसऱ्या कुणाकडे मोकळेपणाने काम करता येत नसल्याने हा भत्ता बहुधा मिळतच नाही. ग्रीन कार्डधारक आणि नागरिक तो घेतात आणि त्यांनी तो संकोच न करता घ्यावा. पण त्या काळात मित्राच्या कंपनीसाठी दहा तास सल्ला दिला, शनिवार-रविवारी गणिताचे वर्ग घेतले, दिवाळीला फराळाच्या ऑर्डरी घेतल्या, तर ते काम आहे आणि ते सांगावे लागते. कॅलिफोर्नियात स्वतंत्र कंत्राटदाराला ६०० डॉलर किंवा अधिक देणाऱ्या कंपनीनेही २० दिवसांत राज्याला कळवायचे असते, तेव्हा ‘पगारपत्रकावर नाही म्हणजे कुणाला कळणार नाही’ ही समजूत चुकीची आहे. ग्रीन कार्डधारकांनी आणखी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. फसवणुकीच्या गुन्ह्यात शिक्षा झाली आणि नुकसान १० हजार डॉलरहून जास्त असले, तर स्थलांतर कायद्यात तो गंभीर गुन्हा ठरतो आणि देशाबाहेर काढले जाण्याची वेळ येऊ शकते. आठवड्याला ४५० डॉलर धरले तर ही रक्कम तेवीस आठवड्यांत भरते.

राज्यांकडून अपेक्षा थोड्याच आहेत. डॉलरला डॉलर कापणे बंद करावे. अर्जावरचा प्रश्न सोप्या भाषेत, लोकांच्या भाषांत विचारावा. नव्या नोकरीच्या यादीत नाव दिसताच आठवडाभरात त्या माणसाला फोन करावा, सहा महिने कर्ज साचू देऊ नये. आणि फसवणुकीचा निर्णय नाव-हुद्दा असलेल्या कर्मचाऱ्याने सही करून द्यावा.

तोवर भत्ता घेणाऱ्याने काम केले त्याच आठवड्याची कमाई लिहावी, कपातीआधीचा पगार लिहावा, शंका असेल तर काम ‘केले’ असेच सांगावे आणि पगाराच्या सगळ्या पावत्या जपून ठेवाव्यात. चूक लक्षात आली तर खात्याने शोधण्याआधी आपणच कळवावी. हेतू खोटा नव्हता याचा तो सर्वांत चांगला पुरावा असतो. आणि न केलेल्या फसवणुकीची नोटीस आली तर घाबरून पैसे भरून टाकू नयेत. अपील करावे, आणि मुदतीत करावे. कॅलिफोर्नियात ही मुदत ३० दिवसांची आहे. टेक्ससमध्ये फक्त १४.